सुई टेकवण्याआधी

माळ्यावर ठेवलेली एक पेटी अजूनही पुष्कळ घरांत सापडते. वर धूळ, आत तबकड्या. आमच्या कुंभिवलीत आणि खालापूर-कर्जतच्या आसपासच्या गावांत, मुंबईला नोकरीला असलेल्या एखाद्या माणसानं कधीकाळी हौसेनं आणलेल्या. फोनो कधीच भंगारात गेलेला असतो, तबकड्या मात्र कुणाला टाकवत नाहीत. अशा घरातला एखादा तरुण मला विचारतो, ''चाचा, हे वाजवायचं म्हटलं तर खर्च किती?'' मी कविता लिहिणारा माणूस. पण तबकड्या ऐकण्याचा नाद जुना आहे, म्हणून लोक येतात. मी त्याला उलट विचारतो, ''आधी सांग, पेटीत काय आहे?''

हे विचारण्याला कारण आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. मिरजेला त्यांची स्मृती दरवर्षी गाण्यानं जागवली जाते. पण खुद्द त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो तो तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांमुळे. मोठ्या गवयांचं गाणं पुढं कॅसेटवर आणि सीडीवर आलं. लहान शाहिरांचं, कव्वालांचं, एखाद्या तमाशा फडाचं नशीब तसं नव्हतं. त्यांच्या काही तबकड्या पुन्हा कधी निघाल्याच नाहीत. आपल्या पेटीतली तबकडी कदाचित त्यातली असेल. खराब सुईनं ती एकदा खरवडली गेली, की तो आवाज परत आणण्याचा उपाय कुणापाशी नाही.

ओळखीच्या एका आजींनी मला विचारलं होतं, ''भाई, ह्यांच्या हातच्या आहेत ह्या. नातू म्हणतो, बॅगेसारखी छोटी पेटी मिळते, ती आणतो. आणू दे का?'' मी म्हटलं, ''आजी, थोडं थांबा. पैसे वाढवायला नको, फक्त ते कुठं घालायचे ते आधी ठरवू.'' त्यांना जे सांगितलं तेच इथं सांगतो.

पहिली गोष्ट, तबकडी ओळखा. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी जड असते आणि हातातून पडली की फुटते. तिच्यात लाखेचा अंश असतो. ३३ फेऱ्यांची लाँग प्ले, म्हणजे एल.पी., १९४८ साली अमेरिकेत आली. ती व्हिनाइलची, थोडी लवचिक, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं वाजणारी. ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी तिच्या पाठोपाठची. ७८ची सुई एल.पी.च्या सुईच्या जवळजवळ चौपट जाड असते. ती जाड सुई एल.पी.वर ठेवली तर बारीक खाच कायमची बिघडते. आजच्या पुष्कळ टर्नटेबलांना ७८ची गतीच नसते. तेव्हा पेटीत ७८च्या तबकड्या असतील, तर ती गती असलेलं यंत्र आणि वेगळी सुई लागेल, हे आधीच हिशेबात धरा.

आता आवाज येतो कसा ते बघा. एल.पी.च्या एका बाजूची खाच उलगडली तर ती चारशे मीटरच्या आसपास भरेल. खाचेला दोन भिंती असतात. १९५८पासून रूढ झालेल्या स्टिरिओ तबकडीत एका भिंतीवर डावा आवाज आणि दुसरीवर उजवा कोरलेला असतो. सुई त्या वळणांवरून जाताना थरथरते. सुईच्या दांडीला मागे इवलंसं चुंबक असतं, त्याच्याजवळ तारेची वेटोळी. चुंबक हललं की वेटोळ्यांत वीज निर्माण होते. ही वीज किती? व्होल्टचा हजारावा भाग घेतला, तर तसे तीन ते पाच. सीडी प्लेअर साधारण दोन व्होल्ट देतो. म्हणजे तबकडीचा आवाज त्याच्या चारशे ते सातशे पट अशक्त असतो.

शिवाय तबकडी कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे स्वर चढवलेले असतात. खर्ज पूर्ण ताकदीनं कोरला तर खाचेची वळणं इतकी रुंद होतील, की शेजारच्या खाचेत घुसतील. वाजवताना हे सगळं उलटं करावं लागतं. हे काम करणाऱ्या छोट्या यंत्राला फोनो प्रीअँप म्हणतात. ते नसेल तर आवाज बारीक आणि चिरका येतो, आणि माणूस समजतो की टर्नटेबल बिघडलं. जुन्या अँप्लिफायरच्या पाठीमागे 'फोनो' लिहिलेली जागा असेल, तर हे यंत्र आत आहेच. अनेक नव्या टर्नटेबलांतही ते असतं, आणि 'फोनो' व 'लाइन' असा खटका असतो. दोन्हीकडचं एकदम वापरू नये, आवाज फाटतो.

आता पैशाचा हिशेब. रुपयातले आठ आणे टर्नटेबल आणि सुईवर घाला, सहा आणे स्पीकरवर, दोन आणे साफसफाई आणि नव्या पाकिटांवर. अँप्लिफायरसाठी आधी घरात शोधा. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या टेपडेकबरोबरचा, बंद पडलेला अँप्लिफायर दुरुस्तीवाला बहुधा थोडक्या पैशांत चालू करून देतो. तो नसेल तर आतच अँप्लिफायर असलेले दोन स्पीकर घ्यावेत, एक खर्च वाचतो. सुरुवातीला घरातलाच टेपचा स्पीकर जोडला तरी चालेल. स्पीकर नंतर बदलता येतो, तबकडी बदलता येत नाही. म्हणून निम्मा पैसा सुईच्या बाजूला.

टर्नटेबल घेताना तीन गोष्टी विचारा. चुंबकाचं कार्ट्रिज आहे का? सुई बदलून मिळते का? दाब किती? चुंबकाच्या कार्ट्रिजला बनावटीप्रमाणे दीड ते साडेतीन ग्रॅम दाब पुरतो. बॅगेसारख्या स्वस्त पेट्यांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि दाब पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातो. कधीमधी वाजवायला ते ठीक आहे, पण पुन्हा न मिळणाऱ्या तबकडीसाठी नको. हिऱ्याची सुई पाचशे ते हजार तास टिकते. रोज एक एल.पी. वाजवली तर वर्षाला पावणेतीनशे तास होतात. म्हणजे साधारण दोन वर्षांनी सुई तपासायची. जुनं यंत्र घेतलं, तर त्यातली सुई किती चालली आहे ते कुणी सांगू शकत नाही, म्हणून ती पहिल्याच दिवशी बदलावी.

जुना माल बघायला आमच्याकडून खोपोली लोकलनं मुंबई गाठायची. चोरबाजारात जुनी यंत्रं दिसतात, लॅमिंग्टन रोडला वायरी आणि सुटे भाग मिळतात. पुणेकरांना जुना बाजार जवळ आहे. पण यंत्राच्या पाठीवरची पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. आपली वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची. अमेरिकेतून आलेलं यंत्र ११० ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं असतं. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरतात, हर्ट्झ बदलत नाहीत. काही जुन्या मोटारी हर्ट्झवरच चालतात. अशा यंत्रावर ३३ची तबकडी २८ फेऱ्यांच्या आसपास रेंगाळते आणि लताबाईंचा आवाजसुद्धा जडावतो. गती तपासायला उपकरण लागत नाही. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि घड्याळ लावून मोजा. तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे झाले पाहिजेत.

यंत्र घरी आलं की गवंड्याकडची पाणसळ आणून थाळी समतल करा. स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नका. त्यांची थरथर सुईत शिरते आणि घुमणारा आवाज येतो. भिंतीत ठोकलेली फळी यंत्रासाठी सर्वांत उत्तम. टर्नटेबलला बारीक अर्थिंगची तार असेल तर ती अँप्लिफायरला जोडा, नाहीतर सतत 'घूं' ऐकू येईल. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण झाला पाहिजे, आणि स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला.

राहिला आपला पाऊस. सह्याद्रीच्या या पायथ्याशी चार महिने भिंती ओल्या असतात. कागदी पाकिटात बुरशी येते आणि ती तबकडीवर उतरते. तबकड्या बाहेरच्या भिंतीपासून दूर, उभ्या ठेवा. एकावर एक रचल्या की वाकतात. व्हिनाइल धुवायला डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब आणि मऊ कापड पुरे. खाचेच्या दिशेनं गोल पुसा, मधल्या लेबलाला पाणी लागू देऊ नका, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा पुसून पूर्ण वाळवा. ७८च्या तबकडीला स्पिरिट मात्र कधीही लावू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

शेवटची गोष्ट. दुर्मीळ तबकडी धुऊन, नव्या सुईखाली पहिल्यांदा वाजवाल, त्याच वेळी लाइनची वायर कॉम्प्युटरला जोडून ती उतरवून घ्या. मग रोज ऐकायला ती प्रत आहे, आणि सणावाराला मूळ तबकडी. आजींना मी हेच सांगितलं. नातवानं छोट्या पेटीचा विचार सोडला आणि आधी चुलत्याकडचा बंद अँप्लिफायर दुरुस्तीला टाकला. टर्नटेबलचे पैसे जमेपर्यंत तबकड्या धुऊन, नव्या पाकिटांत, उभ्या ठेवल्या आहेत. इतकी वर्षं गप्प राहिलेला आवाज आणखी दोन-चार महिने थांबू शकतो.