बाप्तिस्मा : स्वमुखे दिलेली साक्ष

ईस्टर हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण. प्राचीन ख्रिस्तमंडळीत या सणाच्या आदल्या रात्री नवागतांस बाप्तिस्मा देण्याची प्रथा होती. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात या विधीचा अर्थ विशद केला आहे. जलात बुडणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि वर येणे म्हणजे त्याच्यासह नवजीवनात उठणे.

हे ऐकताच आपल्या भाविकांस पर्वस्नान आठवेल. आम्हांसही प्रथम तेच आठवले. परंतु बॅप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती या जलास पापक्षालनाचे सामर्थ्य मुळीच देत नाहीत. क्षमा श्रद्धेने आधीच लाभलेली असते. पाण्यात उतरणे ही त्या श्रद्धेची मंडळीसमोर दिलेली साक्ष होय, असे ते मानतात. साक्ष दुसऱ्याच्या मुखाने कशी द्यावी? म्हणून तान्ह्या बालकास ते बाप्तिस्मा देत नाहीत. त्याच्यासाठी प्रार्थना करतात, मातापित्यांकडून वचन घेतात आणि ते मूल जाणते होऊन स्वतः मागेपर्यंत थांबतात.

कॅथलिक, अँग्लिकन आदी मंडळ्या मात्र अर्भकासही बाप्तिस्मा देतात. देवाची कृपा मनुष्याच्या आकलनासाठी खोळंबत नाही, हा त्यांचा पक्ष. तो समजण्यास आम्हांस कठीण गेला नाही. आमच्या मुंजीत तरी आठ वर्षांच्या बटूची संमती कोण विचारतो? बॅप्टिस्टांचा पक्ष उमगला तो वारकऱ्याच्या माळेवरून. ती ज्याची त्याने मागून घ्यावयाची असते.

या मतासाठी माणसांनी प्राण वेचले आहेत. १५२५ च्या जानेवारीत झुरिक येथे काही तरुणांनी प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यांचा सहकारी फेलिक्स मान्झ यास नगरसभेने १५२७ मध्ये लिमात नदीत बुडवून मारले. शिक्षेसाठी पाणीच निवडले गेले, हे क्रौर्य वेगळे सांगावयास नको.

याहून जवळची कथा ॲडोनिराम जडसन यांची. फेब्रुवारी १८१२ मध्ये हे अमेरिकन धर्मोपदेशक नवपरिणीत पत्नी ॲन यांच्यासह हिंदुस्थानकडे निघाले. ज्या मंडळीने त्यांना पाठविले, ती अर्भकबाप्तिस्मा मानणारी. बंगालमध्ये बॅप्टिस्ट विल्यम केरी यांची गाठ पडणार, तेव्हा वादाची तयारी असावी, म्हणून जडसन जहाजावर ग्रीक नवा करार घेऊन बसले आणि प्रतिपक्षाचे मत खोडता खोडता स्वतःच त्या मताचे झाले! तुम्ही बॅप्टिस्ट झालात तरी मी होणार नाही, असे पत्नीने बजावले होते. पुढे तिनेही ग्रंथ धुंडाळले. ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्यास दोघांनी बाप्तिस्मा घेतला. परमुलखात असताना त्यांनी आपल्या संस्थेचा आधार सोडला आणि सोबत्यांचा मार्गही.

त्या सोबत्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईस आले. त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले आणि त्यात अर्भकबाप्तिस्मा कायम राहिला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो याच मिशनच्या मंडळीत. प्रौढ माणूस नव्याने ख्रिस्ती होतो तेव्हा त्याची स्वतःची कबुली दोन्ही पक्ष घेतात. वाद उभा राहतो तो त्याच्या पाळण्यातल्या मुलापाशी.

शब्दावरूनही कलह झाला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडविणे. मराठी बायबलाने ‘बाप्तिस्मा’ हा शब्द तसाच ठेवला. बंगालीत बॅप्टिस्टांनी बुडविण्याचा अर्थ स्पष्ट करणारा शब्द योजला, तेव्हा ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने त्या भाषांतरास द्रव्यसाहाय्य नाकारले. कलकत्त्याच्या बॅप्टिस्टांनी केलेल्या संस्कृत नव्या करारात तर बाप्तिस्मा देणारा योहान ‘मज्जयिता’ झाला आहे! आम्हां वैयाकरणांस हे रूप मोठे गोड वाटते. ‘मज्ज्’ धातूचे हे प्रयोजक रूप, म्हणजे बुडणारा एक आणि बुडविणारा दुसरा. श्रद्धा स्वतःची, मागणे स्वतःचे. तरी स्वतःस बुडविता येत नाही. पाळक पाण्यात त्याच्याशेजारी उभा राहून त्याचा विश्वास विचारतो. तो सर्वांदेखत उत्तर देतो. मग पाठीखाली हात धरून पाळक त्यास उताणा पाण्याखाली नेतो आणि लगेच वर उचलतो.