‘सवय झाली यार’ : नाडी मात्र ऐकत नाही!

अप्रायझलच्या मीटिंगआधी धडधडतं? डेडलाइनच्या आदल्या रात्री झोप उडते? आता इमॅजिन करा, हे रोजचंच आहे आणि समोर लॅपटॉप नाही, पेशंट आहे.

नागपुरात ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ एवढं म्हटलं की ऑटोवाला पुढचा पत्ता विचारत नाही. विदर्भच काय, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही पेशंट या दोन सरकारी हॉस्पिटलांत येतात. त्यांना आधी भेटतात ते निवासी डॉक्टर, म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी-एमएस करणारी पंचविशीतली मुलंमुली. ओपीडी, वॉर्ड, रात्रीची कॅज्युअल्टी आणि पुन्हा ओपीडी! त्यातही फर्स्ट इयरचा ‘जेआर-वन’ म्हणजे तुमच्या ऑफिसातला नवा ट्रेनी. सगळ्यांची कामं त्याच्याच गळ्यात.

टेन्शन आहे का विचाराल, तर ‘सवय झाली यार!’ गोची इथेच आहे. स्ट्रेस मोजायची एक पद्धत म्हणजे प्रश्न विचारणं. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ची प्रश्नावली त्यासाठी जगभर वापरतात. गेल्या महिन्यात सगळं हाताबाहेर जातंय असं कितीदा वाटलं, वगैरे. दुसरी पद्धत हृदयाला विचारण्याची. होल्टर नावाचं छोटं यंत्र छातीला लावलं की २४ तासांचे ठोके नोंदले जातात. ठोके जिना चढूनही वाढतात हो, म्हणून नुसता आकडा पुरत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं थोडं बदलत असतं. ताणात हा बदल कमी होतो.

मग माणसाच्या बोलण्यावर विश्वास का नाही? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००३च्या प्रयोगात काही जणांना दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. त्यांचं डोकं एक-दोन रात्री जागल्यासारखं मंदावलं, पण त्यांना स्वतःला ते फारसं जाणवलंच नाही! याची किंमत पेशंट मोजतो. बोस्टनमधल्या २००४च्या अभ्यासात आयसीयूतल्या शिकाऊ डॉक्टरांकडून २४ तासांहून लांब ड्यूटींच्या वेळापत्रकात ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्या.

आपल्याकडे केंद्राच्या १९९२च्या योजनेत सलग १२ तास आणि आठवड्याला साधारण ४८ तास, असं लिहिलेलं आहे. कागदावर! २०२४मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या टास्क फोर्सने शिफारस केली ७४ तासांची : एक दिवस सुट्टी, एक सलग २४ तासांची ड्यूटी, उरलेले पाच दिवस दहा-दहा तास. आणि हा म्हणे दिलासा.