काटा थंड दाखवतोय म्हणजे इंजिन थंड आहे असं नाही

मंडळी, 1 जूनला लागलेली बंदी 31 जुलैला संपतेय. शाकारलेल्या बोटी पाण्यात ढकलायच्या आधी इंजिनखोलीत अर्धा दिवस घालवा, एवढंच या पोस्टमधून सांगायचंय. पण सुरुवात समुद्रापासून लांब, ग्वाल्हेरातून करतो.

आपल्या एका सभासदाची बहीण ग्वाल्हेरला दिलेली आहे. शिंद्यांच्या काळापासून तिथे मराठी घरं आहेत, तसलंच हे एक. तिचा मुलगा लष्कर भागात गॅरेजमध्ये काम करतो. मे महिन्यात त्याच्याकडे एक जुनी दोन सीटची स्पोर्ट्स गाडी आली. तक्रार अशी, की हायवेला गाडी मस्त पळते, पण महाराज बाड्याच्या गर्दीत शिरली की बॉनेटमधून वाफ येते. आणि काटा? काटा खाली ‘सी’वर, गाडी आत्ताच सुरू केल्यासारखा. पोराने मामाला फोन लावला. मामाने आयुष्यभर बोटीचं इंजिन सांभाळलंय. तो म्हणाला, “अरे, पाणी नंतर बघ. आधी वायरी जागेवर आहेत का ते बघ.”

नव्हत्या. आधी कोणीतरी रेडिएटर काढून पुन्हा बसवला होता आणि दोन प्लग लावायचे राहिले होते. एक रेडिएटरवरच्या फॅन स्विचचा, दुसरा काट्याच्या सेन्सरचा. हायवेला वारा लागतो म्हणून भागत होतं. गर्दीत वारा नाही, फॅन फिरत नाही, वर ग्वाल्हेरचं पंचेचाळीस अंशांचं ऊन. मालक बिचारा काट्याकडे बघून निर्धास्त. प्लग दोन मिनिटांत लागले, पण तोवर हेड गॅसकेट गेली होती.

आता आपल्या बोटींकडे या. आपल्याकडे तर वायर चुकून सुटत नाही, आपणच काढतो. अलार्म उगाच वाजतो, झोप लागत नाही, म्हणून खलाशी वायर ओढून ठेवतो आणि पुढे सगळेच विसरतात. गाडी महाराज बाड्यावर बंद पडली तर चहाची टपरी असते. बोट पन्नास वाव पाण्यात बंद पडली तर काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको.

वायर सुटली की काटा खोटं कसा बोलतो, ते समजून घ्या. तापमानाच्या सेन्सरमध्ये असा पदार्थ असतो की गरम झाला की त्यातून वीज जास्त सहज जाते. जास्त वीज म्हणजे काटा वर. वायर तुटली, गंजली किंवा काढली की वीज जातच नाही, आणि काट्याला वाटतं इंजिन गार आहे. गरम झाल्यावर वाजणाऱ्या अलार्मचंही तेच: आतला स्विच तापला की जोडला जातो आणि भोंगा वाजतो. वायरच नसेल तर इंजिन लाल झालं तरी शांतता. ऑइल प्रेशरचा स्विच उलटा असतो, प्रेशर नसेल तेव्हा जोडलेला. म्हणून चावी फिरवली आणि इंजिन अजून बंद आहे, तेव्हा ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर सगळं ठीक आहे असं समजू नका. बल्ब गेलाय, वायर सुटलीय किंवा स्विच मेलाय.

तापमानाची वायर तपासायची सोपी रीत आहे. चावी चालू, इंजिन बंद. सेन्सरवरची एकेरी वायर काढून तिचं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला क्षणभर टेकवा. बहुतेक इंजिनांवर काटा झपकन वर जातो. गेला, तर वायर आणि काटा चांगले, सेन्सर खराब. नाही गेला, तर वायर शोधत जा. कॉम्प्युटरवाल्या नव्या इंजिनवर मात्र हा प्रयोग करू नका, तिथे मेकॅनिकच बोलवा. आणि ज्यांच्या जुन्या इंजिनला वायरऐवजी बारीक तांब्याच्या नळीचा काटा आहे, त्यांनी नळी कुठे पिचलीय का तेवढं बघावं.

आपला खरा शत्रू खारी हवा. टर्मिनलवर हिरवा थर आला की वीज अडली. नुसतं पुसून भागत नाही, कारण खारटपणा आवरणाच्या आत तांब्यातून वर चढतो. चकाकणारं तांबं लागेपर्यंत वायर कापा, नवीन टर्मिनल दाबून बसवा, त्यावर ग्रीस लावा. आणखी एक चूक आम्ही स्वतः केलीय: सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली. गळती थांबली, काटाही थांबला! एकेरी वायरच्या सेन्सरला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं.

काट्यावर विश्वास बसत नसेल तर लेझरचा थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर धरा. चकचकीत धातूवर तो चुकीचं दाखवतो, म्हणून आधी काळी टेप चिकटवा.

आता वायर ठीक आहे आणि इंजिन खरंच तापतंय, असं समजा. कधी तापतंय ते बघा. सुरू केल्यावर थोड्याच वेळात, रिकाम्या चालीतही तापत असेल तर पाणी येतच नाहीये. एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का बघा. नसेल तर समुद्राच्या पाण्याचा कॉक, मग जाळी, मग रबरी इंपेलर. दोन महिने उभ्या बोटीत इंपेलरची पाती एकाच जागी वाकून राहतात आणि पहिल्याच दिवशी तुटतात. तुटलेले तुकडे मोजून घ्या. एखादा कूलरच्या तोंडाशी अडकला असेल तर नवीन इंपेलर टाकूनही इंजिन तापणारच. फक्त लोडवर तापत असेल तर कूलर आतून क्षारांनी भरलाय, किंवा पंख्यात जाळं गुंतलंय. थर्मोस्टॅटचा संशय असेल तर तो काढून टोपात पाणी तापवून बघा. त्याच्यावर उघडण्याचा आकडा छापलेला असतो. तो काढून फेकायची आपल्याकडे फॅशन आहे. तसं केलं की इंजिन कायम गार चालतं, डिझेल नीट जळत नाही आणि काजळी धरते.

एक गोष्ट तांडेलांनी लक्षात ठेवावी. चढलेला काटा अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. गोडं पाणी उडून गेलं की सेन्सर नुसत्या वाफेत किंवा हवेत लटकतो आणि कमी दाखवतो. तेव्हा एक्झॉस्टचं पाणी चालू असलं तरी इंजिन बंदच करा. गोडं पाणी भरलेलं असेल आणि एक्झॉस्टमधून पाणीही पडत असेल, तर न्यूट्रलला हळू चालू ठेवा. एक्झॉस्टचं पाणी थांबलं असेल तर लगेच बंद करा. दोन्ही वेळी झाकण उघडू नका. दाबाखालचं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण फिरवलं की एकदम उसळतं आणि तोंड भाजतं. तापलेल्या हेडवर बादलीने समुद्राचं पाणी तर मुळीच ओतू नका, हेडला तडा जातो.

संस्थेच्या डिझेल पंपाजवळच्या खोलीत एक मल्टिमीटर आणि एक लेझर थर्मामीटर ठेवलाय. वहीत नाव लिहून न्या. मागच्या वेळी मल्टिमीटर गणपतीनंतर परत आला होता, या वेळी त्याच दिवशी आणून द्या.