विश्लेषण : नेसरीच्या सात वीरांचा इतिहास किती, कल्पना किती?

कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यातले नेसरी हे गाव महाराष्ट्राला माहीत झाले ते सरनोबत प्रतापराव गुजर यांच्यामुळे. सात स्वारांनी हजारोंच्या फौजेवर झेप घेतली, हे चित्र मराठी मनावर कोरले गेले आहे. पण या चित्रातला कोणता भाग कागदपत्रांत आहे आणि कोणता साहित्याने दिला?

नेमके काय घडले?

1673 मध्ये उमराणी (आजचा जत तालुका, सांगली) येथे प्रतापरावांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडीत पकडले. पण तह करून सोडून दिले. शिवाजी महाराज नाराज झाले. खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला आणि 24 फेब्रुवारी 1674 रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, प्रतापराव नेसरीला धारातीर्थी पडले. त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आत, 6 जून रोजी, रायगडावर राज्याभिषेक झाला.

‘सात’ हा आकडा कुठून आला?

सभासद बखरीत नेसरीला मोठे युद्ध झाल्याचे वर्णन आहे. तिथे सातचा उल्लेख नाही. तो मिळतो इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी याच्या एप्रिल 1674 च्या पत्रात. दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत सेनापती आणि आणखी सहा स्वार मारले गेले, बाकीच्या फौजेची मदत त्यांना पोहोचली नाही, असे त्यात नोंदले आहे. त्या सहा जणांची नावे तिथे नाहीत. आज सांगितली जाणारी नावे नंतरच्या काळातली आहेत.

मग चित्र कोणी रंगवले?

कुसुमाग्रजांनी. त्यांची सात वीरांवरची कविता हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतात लता मंगेशकर यांनी गायली आणि ती घराघरांत पोहोचली. अपमानाचा सल आणि बेभान दौड हे कागदाला न दिसणारे कवीने पाहिले. कवीचा तो हक्कच आहे. गडबड होते ती वाचक कवितेलाच दप्तर मानू लागतो तेव्हा.

विज्ञानकथेचा इथे काय संबंध?

इतिहासाकडे कल्पनेने पाहण्याची दुसरी वाट कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकर यांनी दाखवली. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना लागलेली गोळी चुकते आणि 1761 ची लढाई मराठे जिंकतात. इतिहासाच्या प्राध्यापकाला हा बदललेला भारत प्रत्यक्ष दिसतो. हा प्रकार म्हणजे ‘जर-तर’चा इतिहास. त्याचा नियम कडक असतो : एकच गोष्ट बदलायची आणि पुढचे सगळे तर्काने बांधायचे. मूळ घटना पक्की ठाऊक नसेल तर हा खेळ जमतच नाही.

नव्या लेखकांसाठी वाट काय?

नारळीकरही कथेत नवखेच होते. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. ती पहिली आली. पुढे 2021 मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. कुसुमाग्रजांच्या शहरातल्या त्या संमेलननगरीला नाव होते ‘कुसुमाग्रज नगरी’.

नेसरीत ‘जर-तर’ लावले तर?

प्रतापराव फौजेसाठी थांबले असते तर? राज्याभिषेकाला सरनोबत म्हणून हंबीरराव मोहिते नव्हे, ते स्वतः उभे असते का? यावर कथा लिहिता येईल, कविताही. मात्र त्या सहा जणांची नावे ठामपणे सांगताना ती कुठून आली हेही सांगायला हवे. नाहीतर जे खरोखर पडले, त्यांच्याच जागी दुसऱ्या कोणाची आठवण काढली जाईल.