निवडणूक खर्चाचा हिशेब : एक दुर्लक्षित जबाबदारी

आचारसंहितेची चर्चा मतदानाबरोबर थांबते. उमेदवाराची जबाबदारी मात्र निकालानंतरही उरते. 'हिशेब', 'रक्कम', 'खर्च' हे शब्द अरबी-फारसीतून येऊन मराठीत केव्हाच रुळले. पण पंचायत निवडणुकीत हिशेब देण्याची शिस्त अद्याप पुरती रुळलेली नाही.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे सोपविल्या. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४-ब नुसार, आयोगाने ठरविलेल्या मुदतीत व पद्धतीने खर्चाचा हिशेब न देणाऱ्यास, त्यास सबळ कारण नसल्यास, आदेशाच्या दिनांकापासून पाच वर्षांसाठी अपात्र ठरविता येते. पंचायतीची मुदतही पाच वर्षांचीच असते. म्हणजे एका कागदापायी निवडून आलेल्याचे पद जाऊ शकते, तर पराभूताची पुढील संधी. कारणे नमूद करून ही अपात्रता दूर करण्याचा किंवा तिचा कालावधी कमी करण्याचा अधिकार आयोगास आहे. परंतु त्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हे.

वकील वा पक्षाचे पाठबळ नसलेल्या नवख्या उमेदवारांना, विशेषतः राखीव जागांवरील महिलांना, याची झळ अधिक बसण्याचा संभव असतो. म्हणून रोजच्या खर्चाची नोंद, प्रत्येक रकमेची पावती आणि हिशेब दाखल केल्याची पोच या तीन गोष्टी त्यांनी आवर्जून जपाव्यात.