जन्माचा दाखला आणि परका माणूस

परदेशांतून चोरवाटेनें आलेल्या माणसांचा प्रश्न म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें बंगाल-आसामची सरहद्द, तेथील नदीनाले आणि तारेचें कुंपण उभें राहतें. वऱ्हाडास त्याचें काय, असें कालपरवांपर्यंत आपण म्हणत होतों. परंतु जानेवारी 2025 मध्यें हा प्रश्न अकोला, अमरावती, अंजनगांव सुर्जी येथील तहसील कचेऱ्यांच्या व्हरांड्यांत येऊन बसला. या कचेऱ्यांतून जन्माचे विलंबित दाखले हजारोंनीं दिले गेले व त्यांत बांगलादेशी आणि रोहिंग्या यांची सोय लावण्यांत आली, असा आरोप माजी खासदार किरीट सोमय्या यांनीं जाहीरपणें केला. शासनानें विशेष तपास पथक नेमलें, असे दाखले देणें थांबविलें, नायब तहसीलदारांनीं दिलेले आदेश मागें घेण्यास सांगितलें, आणि दोन्ही जिल्ह्यांत गुन्हेही नोंदले गेले. तेव्हांपासून ओट्यावर बसणाऱ्या मंडळींत दोनच पक्ष दिसतात. एकाच्या मतें दाखला मागणारा प्रत्येक जण घुसखोर. दुसऱ्याच्या मतें घुसखोर ही निव्वळ कल्पना. दप्तर उघडून पाहण्याचा कंटाळा मात्र दोघांनाही सारखाच आहे.

जन्माच्या दाखल्यास एवढें मोल कां, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. नागरिकत्वाच्या 1955 च्या कायद्याप्रमाणें 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 पूर्वीं जो या देशांत जन्मला तो, कांहीं किरकोळ अपवाद सोडल्यास, आईबाप कोणीही असोत, जन्मानेंच नागरिक होय. पुढें हा नियम कडक होत गेला. 1 जुलै 1987 पासून जन्मलेल्याच्या आईबापांपैकीं एक तरी नागरिक पाहिजे असें ठरलें. 3 डिसेंबर 2004 पासून तर दुसरेंही बेकायदा आलेलें नसावें अशी अट पडली. म्हणजे आज चाळिशी उलटलेल्या परक्या माणसाला कोणी 'जन्म अकोल्यास' असा खोटा कागद मिळवून दिला, तर त्यानें त्यास देशच मिळवून दिला म्हणावयाचा. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असें त्या कायद्यांतच म्हटलेलें आहे. तेव्हां लबाडास खरी ओढ असणार ती जन्माच्या नोंदीचीच.

ही नोंद 1969 च्या जन्म-मृत्यु नोंदणी कायद्याप्रमाणें होते. मूल जन्मल्यापासून एकवीस दिवसांत वर्दी द्यावयाची. वर्ष उलटून गेलें तर पूर्वीं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागे. 2023 सालीं कायदा दुरुस्त झाला, आणि त्या वर्षाच्या 1 ऑक्टोबरपासून हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी, किंवा जिल्हाधिकाऱ्यांनीं नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. हेतु चांगला होता. धारणी-चिखलदऱ्याच्या मजुरानें एका दाखल्यासाठीं वकील कां करावा? पण कोर्टांत उलटतपासणीची जी संवय असते ती कचेरींत नसते. तेथें अर्जांचे गठ्ठे असतात, दलाल असतात, आणि प्रतिज्ञापत्र लिहिणारा दाराशींच बसलेला असतो. दार रुंद करावयाचें तर त्यावर चांगला द्वारपाल बसवावा लागतो, तें राहून गेलें.

दुसरीकडे, या दारापाशीं गर्दी कां झाली हेंही पाहिलें पाहिजे. मेळघाटांतील कोरकू बाळंतिणी घरींच बाळंत होत आल्या. फासेपारध्यांच्या तांड्यांचें तर विचारूंच नका. 1871 च्या कायद्यानें ज्यांस जन्मतःच गुन्हेगार ठरविलें आणि 1952 पर्यंत ज्यांच्या मागें पोलिसांचा ससेमिरा होता, ते लोक आपण होऊन सरकारी वहींत नांव लिहावयास कशाला जातील? अकोट-अचलपूरच्या विणकर व मजूर मोहल्ल्यांतील मुसलमान बायकांची गोष्ट याहून निराळी नाहीं. आणि ज्यांची नोंद शाळेंत झाली त्यांचीही कथा ऐका. मुलाच्या जन्माची तारीख बापास ठाऊक नसली, म्हणजे 'दोन्ही हातचा कान लागला' एवढ्या पुराव्यावर गुरुजींनीं 1 जून किंवा 1 जुलै लिहून टाकावें, ही खेड्यापाड्यांतील सर्वमान्य चाल होती. अर्ध्या वऱ्हाडाचा वाढदिवस त्यामुळें जूनच्या पहिल्या तारखेस येतो! आपल्या घरांतही पाहा. आजीचा जन्म 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं', तोही आजोळीं. माहेरचें नांव एक, सासरचें दुसरें. पत्रिका आहे, पण कचेरींत ती चालावयाची नाहीं. अशा आजीला उद्यां कोणी परकी म्हटलें तर आपण काय दाखविणार?

हें भय काल्पनिक नाहीं. आसामांत 31 ऑगस्ट 2019 रोजीं नागरिकांची यादी प्रसिद्ध झाली, तींत एकोणीस लाखांहून अधिक माणसें वगळलीं गेलीं. नांवाच्या अक्षरांतील फरक, आईबापांशीं नातें दाखविणारा कागद नसणें, असल्या कारणांनीं कुटुंबांतला एक आंत आणि दुसरा बाहेर असा प्रकार झाला. त्या वर्षापासून साऱ्या देशांत गरिबाला कागदाची धास्ती बसली, व जो तो दाखल्याच्या मागें लागला. यांत लबाड शिरले नसतील असें कोण म्हणेल? पण गर्दी झाली म्हणजे सारी गर्दी चोरांची, हा न्याय कोठला?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत या विषयाचा मोठा मार्मिक विचार आहे. दहा, वीस किंवा चाळीस घरांमागें एक 'गोप' नेमावा. त्यानें त्या घरांतील स्त्रीपुरुषांचीं नांवें, जात, धंदा आणि जमाखर्च ठाऊक करून घ्यावा. धर्मशाळेच्या रखवालदारानें उतारूची वर्दी द्यावी. गृहस्थानेंही आल्यागेल्याची खबर द्यावी. मुद्रेवांचून प्रवास करणाऱ्यास बारा पण दंड. खोटी मुद्रा बाळगली तर दंड त्याहून पुष्कळ मोठा, आणि तीच लबाडी परराज्यांतील माणसानें केली तर सर्वांत मोठा. विनामुद्रेचा आणि खोट्या मुद्रेचा असे दोन वेगळे गुन्हे त्यानें मानले, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. कागद नसणें आणि कागद बनविणें यांत जें अंतर कौटिल्यास दिसलें, तें आजच्या आमच्या चर्चेंत कोणासच दिसत नाहीं. शिवाय त्याच्या व्यवस्थेंत माहिती ठेवण्याचा भार प्रथम गोपावर आहे. 2025 च्या सप्टेंबरपासून अमलांत असलेल्या नव्या परकीय नागरिक कायद्यांतही, जुन्या 1946 च्या कायद्याप्रमाणेंच, आपण परके नाहीं हें सिद्ध करण्याचा भार संशयिताच्याच माथीं आहे. तो भार न्याय्य व्हावयाचा असेल तर सरकारनें आपलीं दप्तरें आधीं उघडलीं पाहिजेत.

आणि दप्तरें आहेत! वऱ्हाडांत कोतवाल बुकांत जन्म-मृत्यूच्या नोंदी कित्येक पिढ्यांपासून होत आल्या. 2023 सालीं न्यायमूर्ति शिंदे समितीच्या कामासाठीं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां हींच पुस्तकें कपाटांतून निघालीं. मोडी वाचणारांस बोलावणीं गेलीं. जातीच्या दाखल्यासाठीं जें झालें, तें नागरिकाच्या जन्मासाठीं कां होऊं नये? अर्ज आला कीं प्रथम कचेरीनें स्वतः कोतवाल बुक, शाळेचें दाखलखारीज आणि इस्पितळाची नोंद पाहावी. मार्च 2025 मध्यें शासनानें नवी रीत घालून दिली. तींत पुरावे, पोलिसांची चौकशी, हरकतींसाठीं जाहीर सूचना, आणि खोट्या पुराव्यास फौजदारी, असें सर्व आहे. ही रीत योग्य होय. परंतु फौजदारी अर्जदारापाशींच थांबूं नये. ज्या दलालानें कागद बनविला आणि ज्या हातानें डोळे मिटून शिक्का मारला, तेही तींत आले पाहिजेत.

बाहेर घालविण्याच्या बाबतींत तर घाई सर्वथा वर्ज्य. जून 2025 मध्यें मुंबईकडे पकडलेले कांहीं बंगाली मजूर बांगलादेशांत ढकलले गेले, आणि ते पश्चिम बंगालचेच रहिवासी आहेत असें त्या राज्याच्या सरकारनें दाखविल्यावर त्यांस परत आणावें लागलें. आपल्या सराफ्यांत दागिने घडविणारे बंगाली कारागीर आहेत. त्यांच्या बोलीवरून तर्क लढविणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये.

लोकांनीं करावयाचें तें साधें आहे, म्हणूनच कोणी करीत नाहीं. खोली भाड्यानें देतांना भाडेकरूची माहिती ठाण्यावर द्यावी. भाडें दोनशें रुपये जास्त मिळतें म्हणून गप्प बसूं नये. वीटभट्टीवाल्यानें व जिनिंगवाल्यानें ठेकेदाराकडून मजुरांची यादी नांव-गांवासह लिहून घ्यावी. परका मजूर स्वस्त पडतो तो कागद नसल्यामुळेंच, आणि त्या स्वस्ताईचा नफा बहुधा प्रतिष्ठित घरींच जातो, हें कटु असलें तरी लिहिणें भाग आहे. ओळख नसलेल्या माणसाच्या जन्माची साक्ष पंच म्हणून देऊं नये. ओळखीच्या पारध्याची वा विधवेची मात्र कचेरींत स्वतः जाऊन द्यावी. फाळणीनंतर सिंधी कुटुंबें अकोल्याच्या सिंधी कॅम्पांत आणि अमरावतीच्या रामपुरी कॅम्पांत येऊन राहिलीं, त्यांचा आज कोणास संशय येत नाहीं. तीं उघडपणें आलीं आणि त्यांची दखल सरकारनें घेतली होती.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं सत्तरी ओलांडलेलीं माणसें आहेत त्यांनीं या सुट्टींत एवढें करावें: आजोळच्या गांवच्या कोतवाल बुकाची नक्कल तहसिलींतून मागवावी, आणि ती मागतांना त्या पुस्तकाचीं पानें कोणत्या अवस्थेंत आहेत तेंही पाहून यावें. कांहीं पानें हात लावतांच तुटतात. त्यांवर ज्यांचे जन्म लिहिले आहेत, त्यांपैकीं कित्येकांपाशीं दुसरा कागद नाहीं.