पिलांच्या शेडमधील गरम हवेची नळी : सफाई आणि खबरदारी



थंडीच्या दिवसांत निफाडकडे रात्रीचा पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. कोंबडीच्या एक दिवसाच्या पिलाला मात्र पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. ही ऊब देण्यासाठी बऱ्याच ब्रॉयलर शेडमध्ये आता बल्ब-शेगडीऐवजी गरम हवेचे यंत्र बसवतात. भट्टी हवा तापवते, पंखा ती ढकलतो आणि भात्यासारख्या आखडणाऱ्या लवचिक नळीतून ती पिलांपर्यंत येते. या नळीला आपण डक्ट म्हणतो. आत तारेचे वेटोळे असते, त्यावर पातळ प्लॅस्टिक, कापड किंवा चंदेरी वर्खाचे आवरण. काही नळ्यांना बाहेरून ग्लासवूलचा थर असतो.

बॅच निघाली की आपण लिटर उपसतो, शेड धुतो, चुना मारतो, भांडी उन्हात ठेवतो. नळी मात्र वर टांगलेली तशीच राहते. वरून ती चांगली दिसते ना! पण आतल्या वेटोळ्याच्या प्रत्येक कडेला तुसाची धूळ, खाद्याचे पीठ आणि पिसांचा चुरा अडकून बसलेला असतो. त्यात ओल शिरली की बुरशी धरते. पुढची बॅच आली, पंखा सुरू झाला, की ती बुरशी पहिल्या दिवसाच्या पिलांच्या थेट तोंडावर फेकली जाते.

या बुरशीचे नाव अ‍ॅस्परजिलस. तिचा बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही लहान. पक्ष्याच्या फुप्फुसाला हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, तेथपर्यंत तो जातो. पिले चोच उघडून धापा टाकू लागतात, पण घरघर बहुधा ऐकू येत नाही. मेलेले पिलू फाडून पाहिले तर फुप्फुसावर पिवळट-पांढऱ्या गाठी दिसतात. यालाच ब्रूडर न्यूमोनिया म्हणतात. एकदा लागण झाली की कळपाला देण्याजोगे खात्रीचे औषध नाही. अशी पिले दिसली तर औषधाच्या दुकानाआधी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा आणि एक-दोन ताजी मेलेली पिले सोबत न्या.

आता सफाईकडे वळू. पहिले काम विजेचे. मेन स्विच बंद केला म्हणजे झाले, असे समजू नका. बंदिस्त, पंख्याच्या शेडमध्ये जनरेटर आपोआप सुरू होणारा असतो. तुम्ही मेन पाडला की त्याला वाटते लाईट गेली, आणि तुमचा हात पंख्याच्या पात्यात असताना तो गुरगुरू लागतो. म्हणून आधी जनरेटरचा आपोआपचा बटण बंद करावा, मग मेन पाडावा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावा. थर्मोस्टॅटवर चालणारे यंत्र गारवा वाढताच स्वतःहून चालू होते, हेही ध्यानात असू द्या. पंख्याचे पाते दोरीने बांधावे. भट्टी विझवून पूर्ण थंड होऊ द्यावी. ती आज रात्री विझवली तर नळीचे काम उद्या सकाळी घ्या, घाई करू नका.

नाकातोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही. कोंबडीच्या शेडची धूळ बारीक असते, रुमालातून आरपार जाते. दमा असलेल्या माणसाने हे काम करूच नये. औषधाच्या दुकानात एन-९५ मास्क मिळतो, तो घट्ट बसवावा. डोळ्यांना चष्मा आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. घरातल्या पोरांना हाताशी घेण्याचा मोह होतो, तो टाळावा.

नळी वर असतानाच झटकली तर सारी धूळ शेडभर उडते. म्हणून तोंडाचा पट्टा सोडून दोघांनी ती हळूच उतरवावी, दोन्ही तोंडे पिशवीने बांधावीत आणि शेडपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला न्यावी. तेथे दोघांनी दोन टोके धरून ती पूर्ण ताणावी व तिरपी धरून बाहेरून हाताने हलके थापटावे. मग मऊ केसांचा लांब दांड्याचा ब्रश एकाच दिशेने फिरवावा. तारेचा ब्रश किंवा कडक खराटा आत घालू नका. आतले आवरण फाटते, तार उघडी पडते आणि त्या फाटीत धूळ कायमची घर करते. धूळ ओढणारे व्हॅक्यूमचे यंत्र मिळाले तर सर्वांत उत्तम. कंप्रेसरच्या वाऱ्याने मात्र नळी फुंकू नये. धूळ उडते तुमच्याच तोंडावर, आणि पातळ आवरण सांध्यात सुटते.

बरेच जण मोटारीच्या जोराने पाणी मारून नळी धुतात, गुंडाळतात आणि शेडच्या कोपऱ्यात ठेवून देतात. माझ्या मते अर्धवट धुतलेली नळी न धुतलेल्या नळीपेक्षा वाईट. कोरड्या धुळीत बुरशी वाढत नाही, ओल्या धुळीत वाढते. साधी प्लॅस्टिकची, एका पदराची नळी धुवायला हरकत नाही, पण आधी कोरडी धूळ पूर्ण काढावी, मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावी, आणि दोन्ही तोंडे उघडी ठेवून, ताणून, उंच टांगून वाळवावी. आत हात घातला तर वेटोळ्याच्या खाचेतही दमटपणा लागता कामा नये. ग्लासवूलची नळी आतून भिजली असेल तर ती वाळेल या भरवशावर राहू नका. वाळलेली वाटते, पण लोकर आत ओलीच राहते. ती बदलावी. नव्या नळीचा खर्च जिवावर येतो खरा, पण बॅच गेली तर नुकसान त्याहून मोठे.

जंतुनाशक मारायचे ते सफाईनंतर. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. लिटर उपसण्याआधी ब्लीचिंगचे पाणी मारू नये. लिटरातल्या अमोनियाशी मिळून तेही घातक वायू तयार करते. मोरचूद बुरशीला मारतो, पण तारेला आणि पत्र्याला खातो. फॉर्मॅलिनची धुरी अजून पुष्कळ ठिकाणी देतात. फॉर्मॅलिनमधील फॉर्मॅल्डिहाइड माणसात कर्करोग करतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली ठरवले आहे. म्हणून हे काम जाणकार माणसाकडूनच, शेड रिकामी व बंद असताना करून घ्यावे. आणि पिसे जाळायला फ्लेम गन फिरवणार असाल तर नळी शेडबाहेरच ठेवा. धूळ भरलेले प्लॅस्टिक भरकन पेट घेते.

नळी आतून पाहताना एका गोष्टीवर विशेष नजर ठेवा. राखाडी-तपकिरी थर असेल तर ती धूळ. पण काळी काजळी हाताला लागली तर भट्टीच्या पोटाला तडा गेला आहे आणि धूर पिलांच्या हवेत मिसळतो आहे, असे समजावे. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. पिले सुस्त होऊन पडतात, आणि रात्री राखणीला शेडमध्ये झोपलेला माणूस झोपेतच जातो. अशी भट्टी दुरुस्त होईपर्यंत पेटवू नये. भट्टी चांगली असली तरी राखणदाराने चालू हिटरच्या शेडमध्ये झोपू नये, बाहेर खोपटात झोपावे.

परत बसवताना नळी पूर्ण ताणून बसवा. आखडलेली नळी हवा अडवते आणि तिच्या झोळात पुन्हा धूळ साचते. दर ५ फुटांवर रुंद पट्टीचा आधार द्यावा, सुतळीने आवळू नये. एका फुटाला अर्ध्या इंचापेक्षा जास्त झोळ नको. वळण द्यायचे तर नळीच्या रुंदीइतके तरी मोठे द्यावे.

पिले येण्याच्या आदल्या दिवशी दारे-पडदे उघडून पंखा अर्धा तास चालवा. तोंडासमोर कोणी उभे राहू नये. मग पंखा बंद करून तोंडावर पांढरे ओले फडके सैल बांधा आणि पंखा पुन्हा दहा मिनिटे चालवा. फडके मळले तर नळी पुन्हा उतरवायची.

विदर्भात उन्हाळ्यात कुलरची हवा नळीने शेडमध्ये घेतात. तेथेही हेच लागू, फक्त ओलीचा धोका जास्त. कुलर बंद करण्याआधी पाण्याचा पंप थांबवून नुसता पंखा अर्धा तास चालू ठेवावा, म्हणजे नळी कोरडी होते. हंगाम संपला की टाकीतले पाणी काढून टाकावे.

फाटलेली नळी शेतात जाळू नका, तिचा धूर तितकाच वाईट. गुंडाळून भंगारवाल्याकडे द्या. तार तो घेतो.